एटीओ घेण्याआधी: खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी आपोआप पाणी भरणारी यंत्रणा कशी निवडावी, कशी बसवावी

समुद्री माशांच्या टाकीतलं पाणी उडून कमी झालं की तेवढंच गोडं पाणी आपोआप भरणारी यंत्रणा म्हणजे ऑटो टॉप-ऑफ, आपल्या बोलण्यात एटीओ. बहुतेक जण ती उलट्या क्रमाने घेतात. आधी खोकं विकत आणतात, मग संपमध्ये (कामगारांचा नव्हे, मुख्य टाकीखालची फिल्टरची छोटी टाकी) सेन्सर कुठे मावतो ते बघतात, मग घरात असेल तो ड्रम शेजारी ठेवतात. आपल्या टाकीतून रोज किती पाणी उडतं, हे मोजायचं राहूनच जातं.

मीही हेच केलं होतं. एका फ्लोटचा (पाण्यावर तरंगून पातळी सांगणाऱ्या तुकड्याचा) स्वस्त संच आणि ४० लिटरचा निळा ड्रम. एका रात्री गोगलगाय चढून फ्लोटवर बसली, फ्लोट खाली दाबला गेला, यंत्राला वाटलं पाणी कमी आहे. सकाळी ड्रम रिकामा, लाद्यांवर पाणी आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मिठाच्या, जागी ३०. मासे तरले, क्लीनर श्रिंप गेल्या. गोगलगाईला आणि यंत्राला शिव्या देऊन झाल्यावर कळलं की ड्रम २० लिटरचा असता तर एवढं झालं नसतं.

एटीओला मीठ कळत नाही, फक्त पातळी कळते. पातळी कोणत्याही कारणाने उतरली तरी तो गोडं पाणीच ओतणार. त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो असा: हा बिघडला तर जास्तीत जास्त किती पाणी ओतेल? पुढचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत. क्रम बदलू नका.

उदाहरणासाठी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी आणि खाली संप धरू. दगड-वाळू वजा जाता एकूण पाणी अंदाजे २०० लिटर. तुमचा आकडा वेगळा असेल तर गणित तेच, संख्या तुमच्या.

टप्पा १: सात दिवस हाताने भरा आणि लिहून ठेवा

पाणी उडतं तेव्हा मीठ मागेच राहतं, म्हणून भरायचं ते गोडं पाणी. आणि टाकीभर पाणी कमी होत असलं तरी पातळी सगळीकडे उतरत नाही. मुख्य टाकीची पातळी ओव्हरफ्लोच्या कंगव्याने (ज्या खाचांतून पाणी संपमध्ये उतरतं त्यांनी) ठरते, संपच्या आधीच्या कप्प्यांची पातळी आडव्या काचांनी ठरते. उतरते फक्त शेवटच्या कप्प्यातली, म्हणजे रिटर्न पंप (पाणी परत वर टाकीत नेणारा) असतो त्या कप्प्यातली. मोजायचं तिथेच.

१. सगळे पंप चालू असताना रिटर्न कप्प्याच्या काचेवर पाण्याच्या रेषेत टेप चिकटवा.
२. रोज ठरलेल्या वेळी, मोजपात्राने, त्या टेपपर्यंत आरओ-डीआय पाणी (क्षार काढून टाकलेलं शुद्ध पाणी) भरा.
३. किती मिलिलिटर लागलं, पंखा चालू होता का, एसी चालू होता का, हे लिहा.
४. सात दिवसांची सरासरी काढा, आणि सर्वांत जास्त लागलेला दिवसही वेगळा लिहून ठेवा. पुढे दोन्ही आकडे लागतील.

मुंबईत जुलैमध्ये हवाच इतकी ओली असते की पाणी उडायला जागा नसते. त्याच टाकीवर मे महिन्यात गारव्यासाठी पंखा लावला की आकडा सहज दुप्पट होतो. पुण्यात, त्याहून जास्त नागपुरात, कोरड्या उन्हाळ्यात तो आणखी चढतो. एसीच्या खोलीत पावसाळ्यातही चढतो, आणि थंड देशात राहणाऱ्यांच्या घरी हीटरमुळे हिवाळ्यात. म्हणून पावसाळ्यात मोजलेल्या आकड्यावर उन्हाळ्याचा एटीओ निवडू नका. मोजणी पावसाळ्यात करत असाल तर एक दिवस पंखा आणि एसी मुद्दाम चालू ठेवून बघा.

आपल्या उदाहरणात सरासरी ४ लिटर आणि कमाल ६ लिटर धरू.

तपासणी: मोजणीच्या आठवड्याच्या शेवटी खारटपणा पहिल्या दिवसाइतकाच आहे का? तो कमी झाला असेल तर पाणी नुसतं उडत नाहीये, खारं पाणी कुठूनतरी बाहेर जातंय. स्किमरचा (फेसासोबत घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) कप वारंवार भरतोय का, पाइपाच्या सांध्यावर मिठाचा पांढरा थर आहे का, ते आधी शोधा. गळक्या टाकीवर एटीओ बसवला की गळती दिसेनाशी होते आणि टाकीतलं मीठ हळूहळू संपत जातं. (ही तपासणी करताना रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवलेला असावा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं म्हणजे ३५ ला बरोबर दाखवेलच असं नाही.)

टप्पा २: टाकीला किती चूक सोसवेल

इथे दोन मर्यादा काढायच्या आहेत.

पहिली मिठाची. २०० लिटर पाणी ३५ पीपीटीचं आहे. त्यात चुकून २० लिटर गोडं पाणी गेलं तर ३५ गुणिले २००, भागिले २२०, म्हणजे ३१.८. वाईट, पण मासे सहसा तरतात आणि दुरुस्त करता येतं. ५० लिटर गेलं तर २८. श्रिंप, स्टारफिश, अॅनेमोन यांना एका रात्रीत एवढी घसरण झेपत नाही. माझा नियम सोपा आहे: एकूण पाण्याच्या १० टक्क्यांहून जास्त गोडं पाणी एटीओच्या हाती कधीच द्यायचं नाही. आपल्या उदाहरणात ही मर्यादा २० लिटर.

दुसरी मर्यादा जागेची. वीज गेली की मुख्य टाकीतलं थोडं पाणी संपमध्ये उतरतं. हे पाणी आणि एटीओचं अख्खं पाणी, दोन्ही एकदम आलं तरी संप वाहता कामा नये.

१. सगळं चालू असताना संपमधल्या पाण्याची पातळी खूण करा.
२. रिटर्न पंप बंद करा, पाणी उतरायचं थांबेपर्यंत थांबा, पुन्हा खूण करा.
३. वरची खूण ते संपचा काठ यामधली जागा सेंटीमीटरमध्ये मोजा.
४. संपची लांबी गुणिले रुंदी भागिले १००० केलं की एका सेंटीमीटरला किती लिटर ते कळतं.

संप ६० बाय ३५ सेंटीमीटर असेल तर एका सेंटीमीटरला २.१ लिटर. म्हणजे २० लिटरसाठी साडेनऊ सेंटीमीटर मोकळी जागा हवी, आणि तीही पंप बंद केल्यानंतरच्या खुणेच्या वर. पंप चालू असतानाच्या खुणेवरून हिशेब करणं ही या टप्प्यातली नेहमीची चूक.

दोन मर्यादांपैकी जी लहान ती तुमची. जागा १२ लिटरचीच निघाली तर साठाही १२ लिटरचाच.

टप्पा ३: साठ्याची टाकी आणि त्यातलं पाणी

साठा किती दिवस पुरेल याचा विचार सगळे करतात. २० लिटरचा जार रोज ४ लिटर या हिशेबाने पाच दिवस पुरतो, कडक उन्हाळ्यात तीन दिवस. यावर तक्रार येते की दर तीन-चार दिवसांनी भरायचं तर एटीओ कशाला? तर तो दिवसभर पातळी एकसारखी राहावी म्हणून. महिनाभर टाकीकडे बघायलाच नको, हे काम त्याचं नाही.

पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार किंवा अन्नासाठी वापरता येणारा झाकणाचा डबा चालतो. रंगाचे, केमिकलचे, ऑइलचे ड्रम कितीही धुतले तरी नकोत. झाकण घट्ट हवं, हवा जायला एक बारीक छिद्र हवं आणि त्या छिद्रावर जाळी हवी. स्वच्छ साचलेलं पाणी डेंग्यूच्या डासांच्या फार आवडीचं, आणि सोसायटीत फवारणीवाले आले की तुमचा उघडा ड्रम पहिला सापडतो.

जार शक्यतो संपच्या बुडाच्या पातळीवर, जमिनीवर ठेवा. टाकीच्या वर किंवा बाजूच्या कपाटावर ठेवला तर सायफनचा, म्हणजे पंप बंद असतानाही नळीतून पाणी आपोआप येत राहण्याचा, धोका वाढतो. त्याबद्दल टप्पा ७ मध्ये.

आता पाणी. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. नाही. घरगुती आरओमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, कार्ट्रिज क्षार सोडतं. समजा त्या पाण्याचा टीडीएस ८० आहे. रोज ४ लिटर म्हणजे वर्षाला १,४६० लिटर. लिटरमागे ८० मिलिग्रॅम धरले तर वर्षभरात जवळजवळ ११७ ग्रॅम नको ते क्षार २०० लिटरच्या टाकीत जमा. पाणी उडून जातं, ते जात नाहीत. शेवाळ हटत नाही म्हणून दिवे बदलणारे, मासे कमी करणारे बरेच जण इथेच अडलेले असतात.

मेंब्रेननंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा) टप्पा असलेली आरओ-डीआय यंत्रणा आणि मीटरवर टीडीएस शून्य, एवढीच अट. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायटीत रेझिन लवकर संपतं, म्हणून प्रत्येक भरणीला मीटर बुडवा.

इशारा: आरओची नळी सॉलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडबंद होणारा) लावून थेट संपला जोडू नका. व्हॉल्व्ह अडकला तर साठ्याची मर्यादाच उरत नाही, पालिकेचं पाणी येईल तोवर संप भरत राहील. शिवाय आरओ थोडा-थोडा वेळ चालू-बंद होत राहिला तर सुरुवातीच्या मिनिटांचं जास्त टीडीएसचं पाणीच रेझिनवर जातं आणि रेझिन झपाट्याने संपतं. आरओ एकदाच लावून जार भरा, मग बंद करा.

साठ्यात मिठाचं पाणी भरणारेही भेटतात, ‘समुद्री टाकीच आहे ना’ म्हणून. उडतं ते गोडं पाणी. खारं भरत गेलात तर खारटपणा दररोज चढत जाईल.

टप्पा ४: सेन्सर निवडा

बाजारात नावं अनेक, पण प्रकार मोजकेच. क्रॉफर्ड मार्केटमध्ये घ्या, कुर्ल्यात घ्या की ऑनलाइन मागवा, खोक्यावरच्या नावापेक्षा आत कोणता सेन्सर आहे आणि तो कसा बिघडतो, ते बघा.

यांत्रिक फ्लोट व्हॉल्व्ह. वीज लागत नाही, साठा वर ठेवून गुरुत्वाकर्षणाने पाणी येतं. घरच्या फ्लशच्या टाकीसारखंच तत्त्व. मिठाचे खडे आणि गुलाबी कोरलाइनचा (दगडासारख्या कडक शेवाळाचा) थर बसला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि थेंब-थेंब चालूच राहतो. दिवसाचे अनेक तास वीज जाते अशा गावात, लहान साठा ठेवून, मी हा वापरायला तयार आहे. एरवी नाही.

फ्लोट स्विच. तरंगत्या तुकड्यात चुंबक आणि दांड्यात रीड स्विच (चुंबकाने चालू-बंद होणारा). स्वस्त, कळायला सोपा, सुटे भाग मिळतात. बिघडतो तो दोन प्रकारे: गोगलगाय किंवा शेवाळाने तरंगणारा भाग अडकतो, किंवा संपर्कबिंदू चिकटतात. पहिल्यावर उपाय म्हणजे भोवती जाळीचा पिंजरा. दुसरं बहुधा पंपाची वीज थेट स्विचमधून नेल्यामुळे होतं. फ्लोटमधून फक्त रिलेचा (पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या वेगळ्या स्विचचा) बारीक प्रवाह जायला हवा.

ऑप्टिकल सेन्सर. टोकाला काचेसारखा त्रिकोणी भाग असतो, आत इन्फ्रारेड प्रकाश. टोक कोरडं असेल तर प्रकाश आतच परततो, ओलं असेल तर पाण्यात निघून जातो. हलणारा भाग नसल्याने अडकायला काही नाही. टोकावर शेवाळाचा थर बसला की सहसा त्याला कायम पाणीच आहे असं वाटतं, म्हणजे तो भरणं थांबवतो. हे बिघडणं मला परवडतं, कारण पातळी उतरलेली डोळ्यांना दिसते. उलट टोकावर बुडबुडे चिकटले तर काही सेन्सर त्याला हवा समजतात आणि पाणी ओतत राहतात. म्हणून स्किमरच्या कप्प्यात तो लावू नये, आणि थेट ऊन किंवा तीव्र दिवा पडेल अशा जागीही नाही.

माझा कौल: मुख्य सेन्सर ऑप्टिकल आणि त्याच्या वर, दीड-दोन सेंटीमीटरवर, स्वतंत्र फ्लोट स्विच. दोन वेगळ्या प्रकारचे सेन्सर एकाच कारणाने एकाच वेळी बिघडण्याची शक्यता कमी. जर्मन कंपनी टुन्झेचा ऑस्मोलेटर ३१५५ याच पद्धतीने बांधलेला आहे: खाली ऑप्टिकल, वर फ्लोट, आणि पंप सलग १० मिनिटं चालला तर आपणहून बंद करून आवाज देणारा. तोच घ्या असं नाही, पण ही तीन कुलपं आहेत का, हे कुठल्याही संचात शोधा. दोन ऑप्टिकल सेन्सर असलेले संचही चालतील. एकच सेन्सर असलेला संच घ्यायचाच असेल तर साठा मर्यादेच्या निम्मा ठेवा.

इशारा: गच्चीवरच्या टाकीचा वॉटर लेव्हल कंट्रोलर आणून लावण्याचा मोह टाळा. प्रोब असलेल्या कंट्रोलरचे धातूचे प्रोब खाऱ्या पाण्यात गंजतात आणि धातू पाण्यात सोडतात. केबलला लटकणारा मोठा फ्लोट असेल तर त्याच्या चालू आणि बंद होण्यात बऱ्याच सेंटीमीटरचा फरक असतो. रिटर्न कप्पा ३० बाय २० सेंटीमीटरचा असेल तर एका सेंटीमीटरला ६०० मिलिलिटर. पाच सेंटीमीटरचा फरक म्हणजे दर वेळी एकदम ३ लिटर. चांगला एटीओ काही मिलिमीटरमध्ये काम उरकतो. त्यातच असे कंट्रोलर बहुधा थेट २३० व्होल्टवर पंप चालवतात, आणि तुमचे हात खाऱ्या पाण्यात असतात.

टप्पा ५: पंप लहान आणि वेळ कमी

इथे सगळे ‘थोडा मोठा असू दे’ म्हणतात आणि चुकतात. दिवसाला ६ लिटर म्हणजे ताशी पाव लिटर. ताशी ६० ते १०० लिटरचा १२ व्होल्टचा छोटा डीसी पंपसुद्धा गरजेच्या शेकडो पट आहे.

खरा आकडा पंपाचा प्रवाह गुणिले यंत्राची सर्वाधिक सलग वेळ, हा आहे. ताशी १०० लिटरचा पंप १० मिनिटांत जवळजवळ १७ लिटर ओततो, आपल्या मर्यादेत. ताशी ३०० लिटरचा तेवढ्याच वेळात ५० लिटर. कंट्रोलर तोच, कुलूप तेच, फक्त पंप मोठा घेतला म्हणून कुलपाचा उपयोग संपला. पंपावर लिहिलेला प्रवाह शून्य उंचीचा असतो, म्हणून नळी लावून, ज्या उंचीवर पाणी सोडणार तिथे धरून, एका मिनिटाचं पाणी स्वतः मोजा.

दुकानात विचारायचे प्रश्न:

१. पंप सलग किती वेळ चालू दिला जातो आणि ती वेळ आपल्याला बदलता येते का?
२. ती वेळ संपली की यंत्र बंदच राहतं, की थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतं?
३. वीज जाऊन आली की यंत्र ‘मी बंद पडलो होतो’ हे विसरतं का?
४. साठा रिकामा झाला तर पंप कोरडा चालतो का?
५. सेन्सर आणि पंप सुटे मिळतात का, की अख्खा संच घ्यावा लागतो?

तिसरा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा. वीज दिवसातून चार वेळा जात असेल आणि यंत्र दर वेळी मोजणी शून्यापासून सुरू करत असेल, तर १० मिनिटांची मर्यादा ४० मिनिटांची झाली. दुकानदाराला उत्तर माहीत नसेल, बहुधा नसतंच, तर ते पुढच्या टप्प्यात बादलीत कळेल.

ज्यांना आणखी एक स्वस्त कुलूप हवं त्यांनी पंपाच्या अडॅप्टरला मिनिटाच्या हिशेबाने लावता येणारा डिजिटल टायमर लावावा. दिवसातून चार वेळा दोन-दोन मिनिटं धरली तर ताशी १०० लिटरचा पंप काहीही झालं तरी दिवसाला साडेतेरा लिटरच्या वर जाऊ शकत नाही. टायमरला आतली बॅटरी हवी. फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की मागे पडतो, शिवाय त्याची पायरी बहुधा १५ मिनिटांची असते.

टप्पा ६: आधी बादलीत चालवा

नवा संच थेट टाकीवर लावू नका. एक बादली संप, दुसरी बादली साठा, साधं नळाचं पाणी, आणि एक सुट्टीचा दिवस.

१. सेन्सर पाण्याच्या वर उचलून धरा आणि घड्याळ लावा. पंप कधी बंद पडतो? तेवढ्यात किती लिटर आलं?
२. ते चालू असतानाच वरचा सुरक्षा फ्लोट बोटाने उचला. पंप लगेच थांबला पाहिजे.
३. यंत्र वेळ संपून बंद पडल्यावर प्लग काढून पुन्हा लावा. पुन्हा पंप सुरू झाला तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.
४. पाच-सहा वेळा पटापट वीज बंद-चालू करा. यंत्र गोंधळतं का बघा.
५. पंप चालू असताना त्याचा प्लग काढा आणि नळीच्या टोकाकडे बघत राहा. पाणी थांबलं का? थांबलं नसेल तर सायफन लागलाय.

तपासणी: पहिल्या चाचणीत आलेलं पाणी तुमच्या टप्पा २ च्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर संच परत करा, किंवा पंप लहान करा. ‘असं थोडंच होणार आहे’ म्हणून पुढे जाऊ नका.

टप्पा ७: बसवण्याचा क्रम

आधी खारटपणा ठरवा. टाकी ३५ पीपीटीला, म्हणजे २५ अंशाला साधारण १.०२६ घनतेला, आणून मगच एटीओ सुरू करायचा. तो ज्या पातळीवर सुरू होईल तीच कायम धरून ठेवील, म्हणजे चुकीचा खारटपणाही तितक्याच निष्ठेने सांभाळील.

१. रिटर्न कप्प्यात, पंपाच्या खळबळीपासून दूर, शांत कोपऱ्यात सेन्सर लावा. लोहचुंबक किंवा पक्का ब्रॅकेट हवा. सक्शन कप काही महिन्यांत कडक होतात, सेन्सर घसरून खाली सरकतो आणि त्याच्यासोबत टाकीची पातळीही.
२. उंची ठरवताना दोन बाजू बघा. वर: टप्पा २ मधली मोकळी जागा शिल्लक राहिली पाहिजे. खाली: एटीओ बंद पडला तर रिटर्न पंप किती तास तगेल? ३० बाय २० च्या कप्प्यात रोज ४ लिटर उडालं तर पातळी दिवसाला ६.७ सेंटीमीटरने उतरते. पंपाच्या तोंडावर दहा सेंटीमीटर तरी पाणी ठेवा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी पंप हवा ओढायला लागेल.
३. सुरक्षा फ्लोट मुख्य सेन्सरच्या दीड-दोन सेंटीमीटर वर, भोवती जाळी.
४. नळीचं टोक संपच्या पाण्याच्या वर, हवेत, आणि जारमधल्या भरलेल्या पाण्याच्या पातळीपेक्षाही उंच हवं. या दोन अटींपैकी दुसरी बहुतेक जण विसरतात. टोक हवेत असलं तरी ते जारच्या पाण्यापेक्षा खाली असेल तर पंप थांबल्यावरही सायफनने पाणी येतच राहतं, आणि त्या वेळी कुठलाही सेन्सर काही करू शकत नाही. उंची जमत नसेल तर नळीच्या सर्वांत उंच जागी, जारच्या तोंडाच्या आत, एक बारीक छिद्र पाडा, म्हणजे पंप थांबताच तिथून हवा शिरून सायफन तुटतो. छिद्रातून उडणारं पाणी जारमध्येच पडतं.
५. टोक क्लिपने पक्कं बांधा. ते निसटून पाण्यात बुडालं आणि जारची पातळी संपपेक्षा खाली असली, तर खारं पाणी उलटं जारमध्ये येतं.
६. कंट्रोलर आणि अडॅप्टर पाण्याच्या वर, बाजूला. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली लोंबणारा वळसा द्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न जाता तिथून खाली टपकेल. या बोर्डला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा, एटीओ नंतर.
७. आता जार भरा आणि यंत्र सुरू करा. सुरुवात सकाळी करा, झोपायच्या आधी नको.

तपासणी: रिटर्न पंप बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. वरची टाकी पुन्हा भरेपर्यंत रिटर्न कप्प्यातली पातळी काही मिनिटं नेहमीपेक्षा खाली जाऊ शकते, आणि उतावळा एटीओ लगेच पाणी सोडतो. दर वेळी थोडंसंच जातं, पण वारंवार वीज जाणाऱ्या भागात त्याची बेरीज होते. असं होत असेल तर कंट्रोलरमध्ये विलंब लावा. ती सोय नसेल तर टप्पा ५ मधला टायमर कामाला येतो.

चुन्याचं पाणी, म्हणजे काल्कवासर, एटीओच्या जारमध्ये मिसळण्याची पद्धत तुम्ही ऐकली असेल. त्याचा पीएच १२ च्या वर असतो. एटीओ अडकला तर खारटपणा घसरायच्या आधी पीएच उडून टाकी पांढरी होईल. पहिलं वर्षभर तरी जारमध्ये निव्वळ पाणी ठेवा, चुना वेगळ्या डोसिंग पंपाने द्या. आणि पानाच्या डबीतला चुना तर कधीच नाही.

संप नसलेल्या छोट्या टाकीत सेन्सर मुख्य टाकीतच लावावा लागतो. लाटेपासून आडोसा द्या आणि १० टक्क्यांचा नियम आणखी काटेकोर पाळा. ४० लिटरच्या टाकीला ४ लिटरची बाटली, बस्स.

टप्पा ८: चालू झाल्यावर

पहिले पंधरा दिवस रोज खारटपणा मोजा, मग आठवड्याला. जारवर मार्करने लिटरच्या रेघा काढा आणि रोज कुठपर्यंत उतरलं ते बघा. टप्पा १ चा आकडा इथे कामाला येतो. रोज ४ लिटर जाणारं पाणी अचानक ७ लिटर जायला लागलं आणि हवामान तेच असेल, तर गळती किंवा उतू जाणारा स्किमर शोधा. एकदम १ लिटरवर आलं तर सेन्सरवर थर बसलाय.

आठवड्याला सेन्सरचं टोक मऊ ब्रशने पुसा. महिन्याला सेन्सर आणि फ्लोट काढून पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा, धुवा, परत लावा आणि टप्पा ६ मधली दुसरी चाचणी पुन्हा करा. पंपाचं तोंडही तेव्हाच.

या काळात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पाणी बदलताना एटीओ बंद करायचं विसरणं ही पहिली: तुम्ही २० लिटर खारं पाणी काढता, नवं मीठपाणी ढवळत असता, तोवर तो गोडं भरून मोकळा. मी एटीओच्या स्विचवर लाल टेप लावली आहे आणि बादली उचलण्याआधी तो बंद करतो. दुसरी, ओव्हरफ्लोच्या कंगव्यात शेवाळ किंवा गोगलगाय अडकणं, किंवा फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) आणि काचांमधले स्पंज तुंबणं. पाणी अलीकडे अडतं, रिटर्न कप्पा उतरतो आणि एटीओ गोडं पाणी ओततो, यंत्र अगदी ठणठणीत असताना. सॉक वेळेवर बदलणं हा एटीओच्याच देखभालीचा भाग धरा.

पाणी जास्त गेलंच तर घाईने मीठ टाकू नका. एटीओ बंद ठेवा, उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमीच्या खारटपणाचं मीठपाणी भरत जा, आणि दिवसाला १ ते २ पीपीटीहून जास्त चढवू नका. खाली येण्यापेक्षा वर चढणं माशांना जड जातं.

टप्पा ९: गणपतीला गावी जाताना

सात दिवस, रोज ४ लिटर, म्हणजे २८ लिटर. मर्यादा २० ची. इथेच लोक ‘आठवड्याचाच प्रश्न आहे’ म्हणून मोठा ड्रम लावतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात घरात कोणी नसतं.

पाऊस असतो, पंखा-एसी बंद असतात, त्यामुळे खरी गरज बहुधा कमीच निघते. बंद घरात दोन दिवस आधी मोजून बघा. तरीही कमी पडत असेल तर शेजारच्या काकूंना चावी द्या आणि पाच-पाच लिटरचे दोन कॅन आरओ-डीआय पाणी भरून, चिठ्ठी लावून, जारशेजारी ठेवा. चिठ्ठीवर एवढंच: ‘बुधवारी एक, शुक्रवारी एक, जारमध्येच ओतायचा, टाकीत नाही.’ निघायच्या किमान तीन दिवस आधी सेन्सर साफ करून ठेवा, निघायच्या दिवशी कशालाही हात लावू नका. पोचल्यावर काकूंकडून रोज दोन फोटो मागवा: एक जारवरच्या रेघांचा, एक टाकीखालच्या लादीचा.